पोटखराब

गट क्रमांक दोनशे सतरा,
चर्चच्या मागे, सीनेच्या अंगाला.
मी मोजणीला आलो तेव्हा मार्च लागला होता,
मालदांडी खळ्यावर पडून होती
आणि साखळी हातात धरवत नव्हती.
साखळी म्हणायची ती सवयीनं.
आता तिपाईवर यंत्र असतं,
ते आभाळाला विचारून सांगतं
आपण कुठं उभे आहोत.

काम साधं होतं:
दफनभूमीत जागा उरली नाही,
टेकाडाची एक पट्टी चर्चला तोडून द्यायची.
पण टेकाड सुरू कुठं होतं?
जमीन उठते ती हळूच,
गोधडीखाली कुणी कूस बदलावी तशी.
खुंटी कुठल्या सुरकुतीवर ठोकायची?

शामुवेल शिनगारे, कबरी खणणारा, म्हणाला,
"पांढर हाय ही, सायब. जुनं गाव.
माळवदाला हितलीच माती, पाणी आत येत न्हाई.
माझ्या आज्यानं चर्चसाठी पण
हितनंच गाढवं भरली."
म्हणजे निम्मं टेकाड
दर रविवारी भिंतीत उभं राहून
उपासना ऐकतं.

बिरप्पाचा पुजारी म्हणाला,
देवाची मेंढरं एक रात्र बसली इथं,
लेंड्यांचा डोंगर झाला, देवानंच तो पेटवला.
पाळकबाईंनी मिशनची जुनी वही काढली:
'बुरूज असावा',
पुढे पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह.
सरपंचांना वर पाण्याची टाकी दिसत होती.
पोरं पोत्यावर बसून घसरत होती,
त्यांना काहीच विचारायचं नव्हतं.

गुंडेटी मॅडम सोलापुरातून दुपारच्या एसटीनं आल्या.
झोळीत ब्रश, दाभण, सुतळीचा गुंडा.
माती बघायला शामुवेलनं पाडलेल्या खड्ड्यात उतरल्या
आणि कडेच्या रेघा वाचू लागल्या,
तलाठी जुना फेरफार वाचतो तशा, बोट ठेवून.
"राख. सारवण. राख. पुन्हा सारवण.
एकाच जमिनीवर अकरा वेळा."

बाकीचं माझ्या डोक्यावरून गेलं.
अकरा सारवणं तेवढी कळली.
अकरा वेळा कुणीतरी गुडघ्यांवर बसून
मागं मागं सरकत
दारापर्यंत गेलं असणार,
आणि वाळेपर्यंत बाहेर थांबलं असणार.

सातव्या सारवणाखाली दोन मडकी होती,
आडवी, तोंडाला तोंड लावून.
शामुवेलनं टोपी काढली.
आत हाडं होती, हाडं म्हणावीत अशी नव्हतीच,
वाळल्या शेंगांच्या देठांएवढी.
"थोडेच दिवस जगलं असेल," मॅडम म्हणाल्या.
"यांना लांब न्यायचे नाहीत. घरातच पुरायचे."
का, मी विचारलं.
"माहीत नाही.
एकटं वाटू नये म्हणून, असं मला वाटतं.
ते अहवालात लिहिता येत नाही."

शामुवेल बराच वेळ मातीचं ढेकूळ
हातात फोडत राहिला.
"आमची दोन," तो म्हणाला, "चर्चच्या भितीला लागूनच हायती.
मंडळी म्हनली, घंटा ऐकू यावी त्यास्नी."
घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला
रेल्वेच्या रुळाचा तुकडा.
आजवर मला तो नुसता
रुळाचा तुकडाच वाटत होता.

संध्याकाळी फॉर्म उघडला.
रकाना: जमिनीचा प्रकार.
खडक, ओढा, टेकाड,
पेरून जिथं काही येत नाही त्या सगळ्याला
तीस वर्षं मी एकच शब्द लिहीत आलो,
न वाचता.
'पोट' लिहून झालं
आणि पुढची तीन अक्षरं हाताला येईनात.

मडकी मॅडमनी जागेवरच झाकली,
वर चाळलेली माती, त्यावर सुतळीची खूण.
शामुवेलनं खड्डा बुजवला
आणि पायानं दाबला नाही.

खुंटी मी सहा फूट अलीकडे ठोकली.
नकाशाच्या हिशेबानं ती चूक आहे.
खाली सही माझी आहे.